खड्डा पडायच्या आधी रस्ता काय सांगतो

पावसाची मोठी सर येऊन गेली, दोन-तीन तास उलटले, ऊन पडलं, की आपल्या कॉलनीतल्या डांबरी रस्त्याकडे एकदा वाकून बघा. बाकी रस्ता वाळून करडा झालेला असतो, पण कुठेकुठे बारीक काळ्या रेघा अजून ओल्याच असतात. एकमेकींना छेदणाऱ्या, जाळीसारख्या. त्या रेघा म्हणजे भेगा. त्या ओल्या राहिल्या याचा अर्थ पाणी आत शिरलंय आणि तिथेच बसलंय. येत्या काही पावसांत खड्डा कुठे पडणार, ते त्या जाळीनं आधीच सांगून ठेवलेलं असतं.

मी काही वर्षं माती आणि खडी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काढली. तेव्हापासून गाडीवर बसलो की समोर कमी आणि खाली जास्त बघायची वाईट सवय लागली आहे. घरचे वैतागतात. शेजारचे काका मात्र दर पावसाळ्यात हटकून विचारतात, "काय हो, यंदाही पावसानं रस्ता धुऊन नेला ना?"

आता हे 'धुऊन नेला' जरा तपासून बघू. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तासाभरावरच्या इगतपुरीत तो ३००० मिलिमीटरच्या पुढे जातो. त्या मानानं आपला पाऊस काहीच नाही. शिवाय डांबर पाण्यात विरघळत नाही. गच्ची गळायला लागली की आपण तिच्यावर डांबराचाच लेप देतो. पाणी अडवायला जे वापरतो तेच पाण्यानं वाहून जातं, हे पटायला कठीण आहे. रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी फारसं नुकसान करत नाही. नुकसान करतं ते आत शिरून अडकलेलं पाणी. ते आत कसं जातं आणि गेल्यावर काय करतं, एवढं कळलं की रस्त्याचं निम्मं शास्त्र कळलं.

रस्ता म्हटलं की आपल्याला वरचा काळा थर दिसतो. तो जेमतेम २५ ते ४० मिलिमीटरचा, म्हणजे दोन बोटं जाड. त्याच्याखाली जाड खडीचा डांबरी थर, त्याखाली डांबर नसलेली पण नीट मापात मिसळून दाबलेली खडी, त्याखाली मुरूम किंवा खडी-कच यांचा थर आणि सगळ्यात खाली मूळ जमीन. वर्दळीच्या रस्त्यावर हे सगळं मिळून अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त भरतं. काम सगळ्यांचं एकच: टायरचा दाब पसरवणं. ट्रकचा टायर जमिनीला फार तर ताटाएवढ्या जागेत टेकतो आणि त्या जागेत प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहा-सात किलोचा भार देतो. खाली जाता जाता तो भार रुंद होत जातो आणि तळाच्या मातीपर्यंत पोचेस्तोवर तिला सोसेल इतका हलका झालेला असतो. म्हणजे वरचा काळा थर हे छप्पर. घर खाली आहे.

घराचा पाया नाशिकमध्ये सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेकडे सातपूर, अंबडच्या बाजूला थोडं खणलं की बऱ्याच ठिकाणी मुरूम लागतो. गोदेच्या काठानं, मखमलाबाद, आडगाव, नाशिकरोडकडे मळ्यांची काळी माती आहे. शेतकऱ्याला या मातीचा स्वभाव सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. द्राक्षाला आणि कांद्याला ती चालते, रस्त्याला मात्र तिच्याशी फार जपून वागावं लागतं.

किती जपून, ते मोजायची एक चाचणी आहे. तिला सीबीआर म्हणतात. माती साच्यात दाबून भरायची, साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा ठरावीक गतीनं तिच्यात घुसवायचा. माती किती विरोध करते ते प्रमाणित खडीच्या तुलनेत टक्क्यांत सांगायचं. भिजलेल्या काळ्या मातीचा आकडा बहुतेक वेळा दोन-तीन टक्क्यांवर येतो. चांगला मुरूम त्याच्या अनेक पट देतो. साचा पाण्यातून काढल्यावर माती कडेच्या वर फुगून आलेली दिसते, ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. दिंडोरी रोडवरची 'मेरी' आपल्याला बस स्टॉपचं नाव म्हणून माहीत असते, पण ती महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, १९५९ पासूनची, आणि माती व बांधकामाच्या साहित्याच्या तपासण्या हे तिचं एक कामच आहे.

मळ्याचे प्लॉट पडतात, प्लॉटवर बंगले येतात, मधल्या रस्त्यावर खडी पडते आणि वरून डांबराचा हात फिरतो. खालची काळी माती काढून मुरूम भरला की नाही हे बघायला कोणी हजर नसतं. पहिला उन्हाळा गेला की कडेला रस्त्याच्या लांबीनं सरळ भेग पडते. ती माती आकसल्याची खूण. तिथून पहिलं पाणी आत.

## चुरमुऱ्याचे लाडू आणि डांबर

डांबर हा शब्द आपण सरसकट वापरतो. पूर्वी ते दगडी कोळशापासून निघायचं. आज रस्त्यावर पडतं ते कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारं बिटुमेन. त्याच्या घट्टपणावरून प्रती असतात, आपल्याकडे शहरातल्या रस्त्यांना बहुधा व्हीजी-३०. वरच्या थराच्या शंभर किलो मालात डांबर असतं फक्त पाच-साडेपाच किलो. बाकी सगळी खडी आणि कच. एवढ्याशा डांबरानं प्रत्येक खड्याला पातळ कवच द्यायचं आणि सगळ्यांना धरून ठेवायचं.

चुरमुऱ्याचे लाडू ज्यांनी वळलेत त्यांना पुढचं आपोआप कळेल. गुळाचा पाक गरम आहे तोवर लाडू वळला जातो. हात सावकाश चालला, पाक निवला, की चुरमुरे नुसते चिकटल्यासारखे वाटतात आणि ताटलीत ठेवल्यावर भुगा होतो. डांबरी मालाचं तंतोतंत हेच. प्लांटवर तो १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होतो, रस्त्यावर पसरताना १४० च्या खाली जायला नको आणि रोलर फिरवून दाबायचं काम ९० अंशांच्या आत येण्यापूर्वी संपलं पाहिजे. तीस मिलिमीटरचा थर डिसेंबरातल्या नाशिकच्या रात्री किती झपाट्यानं निवत असेल याचा विचार करा. डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला, ताडपत्री नव्हती, रोलरवाला चहाला गेला, असं काहीही पुरतं. काम दिसायला काळंभोर आणि सपाटच दिसतं. पण आत दाब कमी बसलेला असतो.

दाब कमी म्हणजे पोकळी जास्त. चांगल्या दाबलेल्या थरातही काही टक्के हवा राहते आणि ती हवीच असते, नाहीतर उन्हाळ्यात फुगलेलं डांबर जागा न मिळून वर येतं. सात-आठ टक्क्यांपर्यंत त्या पोकळ्या बऱ्याचशा सुट्या सुट्या असतात. त्यापुढे त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि थर वरून अखंड दिसला तरी गाळणीसारखा वागतो. भेग नसतानाही पाणी आत जातं ते असं. मग ते खडी आणि डांबर यांच्या मधोमध शिरतं. दगडाला मुळात डांबरापेक्षा पाणी जास्त प्रिय, त्यामुळे तो हळूहळू डांबराचं कवच सोडतो. आपला काळा बेसॉल्ट त्यातल्या त्यात डांबराला बरा धरून ठेवतो, ग्रॅनाइटपेक्षा नक्कीच. पण खडी धुळीनं माखलेली असेल तर बेसॉल्ट काय करणार?

धुळीचा आणखी एक प्रताप. नवा थर टाकण्याआधी जुना रस्ता झाडून, त्यावर डांबराच्या पातळ पाण्याचा फवारा मारायचा असतो, दोन थर एकमेकांना चिकटावेत म्हणून. मातीवरच फवारा मारला तर तो मातीला चिकटतो. मग पहिल्याच पावसाळ्यात नवा थर पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो आणि खाली जुना रस्ता जसाच्या तसा दिसतो. असा उथळ, सपाट तळाचा खड्डा दिसला तर पायाला दोष देऊ नका. तिथे झाडू कमी पडला.

## पाणी आत गेल्यावर

आता टायर. पाण्यानं भरलेल्या भेगेवरून चाक जातं तेव्हा आतलं पाणी दाबलं जातं. त्याला पळायला जागा नसते, म्हणून ते खडीच्या थरातून वाट काढतं आणि जाताना बारीक कच आणि माती सोबत घेतं. चाक पुढे गेलं की उलटी ओढ बसते. बोअरच्या हातपंपासारखं हे दिवसभर चालू राहतं. रस्ता वाळल्यावर भेगेच्या कडेला पिवळट-करड्या मातीचा डाग दिसतो ना, ती खालच्या थरातून उपसून आलेली माती. खाली पोकळी झाली, वर दोन बोटांचं छप्पर अधांतरी राहिलं. मग एखाद्या दिवशी टँकर येतो आणि ते खचतं. लोक म्हणतात, काल तर रस्ता चांगला होता.

टँकरच का? कारण गाडीचं वजन आणि रस्त्याचं नुकसान यांचं प्रमाण सरळ नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवत ठेवले आणि कोणत्या वजनाला रस्ता किती दमतो ते मोजलं. त्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात: एका आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान साधारण सोळापट होतं, म्हणजे भाराच्या चौथ्या घाताच्या हिशेबात. छोट्या कारच्या आसावर अर्धा टन धरा, भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन. भार वीसपट, नुकसान एक लाख साठ हजार पट. तुमची-माझी स्कूटर या हिशेबात कुठेच नाही. आणि ट्रकमध्ये वीसच टक्के माल जास्त भरला तरी नुकसान दुपटीवर जातं.

म्हणून कॉलनीत नव्या इमारतीचं काम निघालं की मी रस्त्याकडे बघून उसासा टाकतो. सिमेंटचा मिक्सर सहा घनमीटर काँक्रीट आणतो, त्याचंच वजन चौदा टनांच्या वर, गाडीचं वेगळं. कॉलनीचा रस्ता स्कूटर, कार, घंटागाडी यांच्या भरवशावर आखलेला असतो. स्लॅब पडतात, इमारत उभी राहते, आणि वर्षभरानं सोसायटीतले लोक पहिला ठराव रस्त्याबद्दल करतात.

डांबराचा आणखी एक स्वभाव: झटक्याला ते घट्ट असतं, पण सावकाश आणि सतत दाबलं तर मेणासारखं सरकतं. म्हणून धावत्या ट्रकपेक्षा उभा ट्रक वाईट. द्वारका, मुंबई नाका अशा ठिकाणी सिग्नलच्या अलीकडे आणि बस स्टॉपसमोर रस्त्याला लाटा येतात, चाकांच्या वाटेवर दोन घळी पडतात, त्या एप्रिल-मेच्या उन्हात तयार होतात. हवा चाळीस अंश असते तेव्हा काळा रस्ता साठीच्या आसपास तापतो. पावसाळ्यात त्या घळींत पाणी साचतं आणि मग पुढचं सगळं वर सांगितलं तसंच.

ही लक्षणं ओळखायला शिकलं की रस्ता वाचता येतो. चाकाच्या वाटेवर मगरीच्या पाठीसारखी जाळी असेल तर खालचे थर दमलेत, त्यावर नवा कारपेट, म्हणजे वरचा डांबरी थर, टाकणं म्हणजे पैसे पुरणं. जाळी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा वर येते. जाळी नाही पण खडी सुटून कडेला जमते, वळणावर दुचाकी घसरते, तर डांबर कमी पडलंय, जळलंय किंवा म्हातारं झालंय. खालचा रस्ता धड आहे, वेळेत सीलकोट, म्हणजे डांबराचा पातळ लेप, मिळाला तर वाचेल. उन्हाळ्यात रस्ता आरशासारखा चमकतो आणि चपलेला चिकटतो, तर डांबर जास्त झालंय. तो पहिल्या सरीला जीवघेणा निसरडा होतो, गाडी हळू घ्या.

अभियंत्यांकडे यासाठी यंत्रंही आहेत. एका चाकाची गाडी ठरावीक वेगानं ओढत नेऊन चाक किती खालीवर होतं त्याची बेरीज करतात. डांबरी काँक्रीटच्या चांगल्या रस्त्यावर ती किलोमीटरला साधारण २००० मिलिमीटरच्या आत यावी लागते. पाया तपासायला भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडटायरांच्या फटीत एक लांब तरफ सरकवतात. ट्रक पुढे गेला की दबलेला रस्ता किती परत वर उठतो, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिसतं. मला ही चाचणी फार आवडते. रस्ता श्वास घेतो हे डोळ्यांनी दिसतं. रस्ता जितका जास्त दबतो, तितका तो आतून थकलेला. हल्ली त्याऐवजी वजन आदळून मोजणारं यंत्र वापरतात, ते जलद असतं.

खरी अडचण अशी की जाळी दिसते त्या टप्प्यावर कोणी तक्रार करत नाही. गाडी आदळत नाही ना अजून. सुरुवातीची बरीच वर्षं रस्ता हळूहळू उतरतो आणि मग शेवटच्या दोन-तीन वर्षांत एकदम कोसळतो. उताराच्या त्या वळणाआधी भेगा भरणं आणि पातळ लेप देणं हे मोजक्या खर्चाचं काम. वळणानंतर उकरून पायापासून करावं लागतं. पण लेप दिलेल्या रस्त्याचं उद्घाटन होत नाही, हेही खरंच.

नाशिककरांच्या रोजच्या रागाचा विषय मात्र चर. पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅस, केबल, प्रत्येकाला रस्ता फोडावाच लागतो, त्याला इलाज नाही. प्रश्न बुजवण्याचा आहे. चर पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर दाबायचा असतो. आमच्या गल्लीत एका कंपनीनं केबल टाकली तेव्हा निघालेलीच माती एका दमात ढकलली, वर जेसीबीच्या बकेटनं चार थापा मारल्या आणि मंडळी पुढच्या गल्लीत गेली. पहिल्या पावसानं माती बसली आणि गल्लीच्या लांबीनं एक पन्हळ तयार झाली. आता सगळ्या गल्लीचं पाणी तिच्यातून जातं आणि दोन्ही बाजूंच्या धडधाकट थरांना कडेनं पाजत राहतं. चर दीड फुटाचा, खराब झालेला रस्ता सहा फुटांचा.

रस्त्याचा मध्य कडेपेक्षा उंच असतो, पाणी निघून जावं म्हणून. सात मीटरच्या रस्त्याला ही उंची सात-नऊ सेंटिमीटर भरते. ती असूनही पाणी साचतं, कारण कडेला पेव्हर ब्लॉक बसवताना ते रस्त्यापेक्षा दोन इंच वर बसतात आणि पाणी गटारीपर्यंत पोचतच नाही. त्यात दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा टाकतात. रस्ता चढत जातो, चेंबर खड्ड्यात जातात आणि जुन्या घरांची उंबरठ्याची पायरी नाहीशी होते. दहीपूल, सराफ बाजाराच्या सखल भागातल्या दुकानदारांना विचारा, पाणी कुठून येतं ते ते हाताच्या इशाऱ्यानं दाखवतील.

"मग सगळं सिमेंटचं का करत नाहीत?" हा काकांचा दुसरा लाडका प्रश्न. सिमेंटचा रस्ता पाण्याला दाद देत नाही, भारही मोठ्या क्षेत्रावर पसरवतो, आणि अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका असा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा तुकडा आपण रोज वापरतोच. पण त्याचे सांधे वेळोवेळी भरावे लागतात, आणि खाली पाइप फुटला की तो कापणं फार महाग पडतं. आधी खालच्या सगळ्या वाहिन्यांची सोय, मग काँक्रीट, हा क्रम उलटा झाला की संपलं.

खड्डा बुजवायची रीत सगळ्यांना पाठ असायला हवी, कारण ती डोळ्यांनी तपासता येते. खड्ड्याच्या कडा चौकोनी, सरळ उभ्या कापायच्या. आतला सुटा माल आणि पाणी काढायचं. तळाला आणि कडांना डांबराचा हात द्यायचा. गरम माल थरांनी भरायचा, दाबायचा आणि वरचा सांधा बंद करायचा. पावसात गरम माल मिळत नाही, तेव्हा थंड माल किंवा खडी टाकतात. ती मलमपट्टी आहे, पाऊस उघडला की काढून पुन्हा करायची. पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात टोपलीभर मुरूम ओतलेला दिसला, तर तो संध्याकाळपर्यंत रस्त्यावर पसरून दुचाकी घसरवायच्या कामी येतो, बाकी काही नाही.

सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं हा शहराचा विषय आहे. २०१५ प्रमाणे याही वेळी मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसात. ताजे बुजवलेले चर आणि ताजे थर पहिल्यांदा भिजणार ते गर्दीच्याच दिवसांत. म्हणून मी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, फिरायला जातो तेव्हा नवा काळा रस्ता किती गुळगुळीत आहे ते बघत नाही. चर कशानं भरलाय, चेंबरची कडा रस्त्याशी समान आहे का, आणि गटारीची जाळी पाण्याच्या वाटेवर आहे की दोन बोटं वर, एवढंच बघतो.

आमच्या गल्लीत, तिसऱ्या चेंबरच्या पुढे, पंजाएवढी ओली जाळी मागच्या आठवड्यात काकांना दाखवली. त्यांनी घरातून ऑइलपेंटचा डबा आणला, तिच्याभोवती पांढरा गोल काढला आणि शेजारी तारीख घातली. आता सर येऊन गेली की त्यांचा फोन येतो: "अजून ओलीच आहे हो." काल म्हणाले, गोलाच्या बाहेर एक रेघ गेली आहे.